सीदा हात

कार्ड हँडलला बांधलेलं होतं आणि निजामोद्दीननं ते वाचायचं तसं काही कारण नव्हतं. सायकल आली होती डुगडुगणाऱ्या मागच्या चाकाचा आउट काढायला. मालक सायकल क्लबातला कुणी नवा डॉक्टर. रविवारी राइड आहे चाचा, उद्यापर्यंत द्या, एवढं बोलून तो गाडीत बसून निघूनही गेला. निजामोद्दीननं सायकल हुकाला टांगली, चाक फिरवलं, कुठं घासतंय ते अंगठ्याच्या नखानं हेरलं आणि तारांची चावी हातात घेतली. चाक फिरून राहिलं होतं आणि हँडलचं ते कार्ड त्याच्या तोंडासमोर हलून राहिलं होतं. इतवाऱ्यातल्या या दुकानात चाळीस वर्षं बसून त्याला एक खोड लागली होती, डोळ्यांपुढं येईल ते वाचायचं, मग तो पुडीचा कागद असो का लग्नाची पत्रिका. त्यानं वाचलं. नांदेड, भोकर, किनवट, सारखणी, माहूर; कुठं किती किलोमीटर, कुठं चहा, कुठं सही. खाली सूचना. हेल्मेट घालावं, दिवा लावावा, जंगलात कचरा टाकू नये. सातवी सूचना लाल अक्षरांत होती. ‘वाटेत स्थानिक लोकांना तोंडी रस्ता विचारू नये. त्यांनी सांगितलेली दिशा चुकीची असू शकते.’ चाक आपलं फिरतच होतं. त्यानं बोट लावून ते थांबवलं.

मग चष्मा पुसून त्यानं कार्ड पुन्हा वरपासून पाहिलं. सारखणीच्या पुढचा जो चढ, जिथं साग दोन्ही अंगांनी रस्त्यावर येतो आणि रस्ता तीनदा वळतो, त्याचं नाव मागच्या वर्षीच्या कार्डावर ‘निजामचाचा चढ’ असं छापलेलं होतं. फोनवरच्या त्या सायकलवाल्यांच्या ॲपातही तेच. पुण्या-हैदराबादची माणसं तिथं धापा टाकत वर यायची आणि आपापल्या फोनवर त्याचं नाव वाचायची. आता तिथं छापलं होतं, ‘चढ क्र. ४’. म्हणजे एका ओळीतून त्याला बाहेर काढलं होतं आणि दुसऱ्या ओळीत बरोब्बर आत घेतलं होतं. स्थानिक लोक म्हणजे कोण, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. त्या रस्त्यासाठी क्लबानं तोंडी विचारलं होतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस आत्ता त्यांच्याच चाकाचा आउट काढून राहिला होता. वा रे नशीब. त्याला वाटलं चावी फेकावी आणि दुकानाचं शटर ओढावं. पण चाकानं काय घोडं मारलं होतं त्याचं? त्यानं एकेक तार कसली, ढिली केली, पुन्हा कसली. चाक केसभरही हलणार नाही असं सरळ करून टाकलं. सरळ, हा शब्द डोक्यात आला आणि त्याचं तोंड कडू झालं.

सगळा घोळ एका हाताचा. नांदेडात, आणि नांदेडातच का, पार बिदर-हैदराबादपर्यंत, त्याच्या घरच्या बोलीत उजवा म्हणजे सीदा हात आणि डावा म्हणजे उलटा हात. सीद्या हाताला वळ म्हणजे उजवीकडं वळ. लेकराला पहिल्यांदा ताटावर बसवलं की हेच शिकवतात, सीदे हातसे खा. आणि हे काही एकट्या मुसलमानांच्या घरचं नव्हतं. खेड्यापाड्यांतून बाजाराला येणारी माणसंही अशीच बोलायची. दगडोबा तर हटकून. दगडोबा मुदखेडकडचा, घरची काळी जमीन, दावणीला बैल, पण जीव सगळा सायकलीत. दोघं विशी-बाविशीत होते तेव्हापासून दर नवरात्रात माहूरला सायकलनं जायचे. बावीस इंची काळ्या सायकली, गिअर-बिअर काही नाही, चढ आला की सीटवरून उठायचं आणि अंगाचा भार पायांवर टाकायचा. दगडोबाला देवीचं दर्शन. निजामोद्दीनला गडाच्या पायथ्याशी बसून आल्यागेल्याच्या सायकली दुरुस्त करायच्या आणि दर्ग्यावर फातेहा पढायचा. दगडोबाचा एक कायदा होता. वळायच्या आधी हात काढायचा, मागं कुणी असो नसो. जंगलात कोण बघून राहिलंय, असं निजामोद्दीन म्हणाला की दगडोबाचं उत्तर ठरलेलं. “मागचा बघू न्हाईतर न बघू, पुढच्यानं हात दावावा. सोताचा हात सोतापाशी ठिवून काय उपेग?” त्या चढाच्या माथ्यावर फाटा आहे. समोर तेव्हा नुसती गाडीवाट होती, सागाच्या झाडांत शिरून दिसेनाशी होणारी. दगडोबा तिथं उजवा हात लांब काढून ओरडायचा, सीद्या हाताला रं निजाम, आणि मग उतारावर दोघं सुटायचे. घामेजल्या अंगाला एकदम गार वारं लागायचं, वाळल्या पानांचा वास यायचा, आणि ब्रेक दाबायचं जिवावर यायचं. आजही डोळे मिटले की तो वास नाकात येतो आणि गुडघ्यात जोर येतो, नुसता येतो आणि जातो. दगडोबाला जाऊन नऊ वर्षं झाली.

सत्यम हा दगडोबाचा मुलगा. नांदेडात त्याचे मोठे क्लासेस, गणिताचे. रस्त्यावरून चालला तरी दहा जण सर म्हणून वाकतात. बापाचं सायकलवेड त्याच्यात उतरलं होतं, पण बापाची भाषा त्यानं घासून-पुसून काढली होती. लई नाही, हाय नाही, न्हाई नाही. वर्गात तो असा बोलायचा की वाटावं पुण्यात सदाशिव पेठेत जन्मलाय. निजामोद्दीनला त्याचं कौतुकच होतं, खोटं कशाला बोला. शिकल्या माणसानं शिकल्यासारखं बोलावं. क्लब काढला तेव्हा सत्यम पहिल्यांदा इतवाऱ्यात आला, पाटावर बसला, बशीतून चहा प्याला आणि म्हणाला, चाचा, तुमचा आणि बाबांचा माहूरचा रस्ता मला जगाला दाखवायचाय. निजामोद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पहिली दोन वर्षं तो स्वतः मोपेडवर जाऊन त्या फाट्यावर उभा राहिला. येईल त्या सायकलवाल्याला उजवा हात लांब करून दाखवायचा. पोरं-पोरी हसून ओरडत जायची. बक्षीस समारंभात सत्यमनं त्याला स्टेजवर बोलावलं आणि सांगितलं, चाचा म्हणजे आपल्या क्लबचा उजवा हात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुणाला ठाऊक, हाच उजवा हात एक दिवस क्लबाला जड होणार म्हणून.

तिसऱ्या वर्षी माणसं वाढली, बाहेरगावची आली, छापील कार्डं करायचं ठरलं. सत्यम वही घेऊन दुकानात आला. निजामोद्दीन म्हणाला, कार्ड कशाला, मी उभा राहतो की फाट्यावर. सत्यम हसला. आता हे असं चालत नाही चाचा, सगळं प्रोफेशनल करावं लागतं. मग त्यानं विचारत जायचं आणि यानं सांगत जायचं. आणि त्या वेळी हुकाला टांगलेली सायकल होती ऋतुजाची, हे निजामोद्दीन मरेपर्यंत विसरणार नव्हता. तिचंच मागचं चाक त्याच्या पुढ्यात फिरून राहिलं होतं. भोकर, इस्लापूर, किनवट, सगळं सांगून झालं. माथ्यावर फाटा लागंल, तिथं सीद्या हाताला. एवढंच. सत्यमनं मान हलवली, लिहिलं, वही मिटली, आणि जाताना नेहमीसारखा पायाला हात लावून गेला.

ऋतुजा लातूरची, नांदेडात बँकेत नोकरीला. क्लबातल्या बाकीच्यांची सायकल यायची, ती स्वतः यायची. स्टुलावर बसून चाकाचा आवाज ऐकायची. कोणती तार ढिली आहे ते टिचकी मारून सांगायची आणि दहातून आठदा बरोबर असायची. निजामोद्दीननं तिला चाक बांधायला शिकवलं, वळायच्या आधी हात काढायला शिकवलं. ती चिडवायची, चाचा, अख्ख्या क्लबात हात दाखवणारे दोघंच, एक तुम्ही आणि एक मी. चढाला त्याचं नाव तिनंच दिलं होतं. पहिल्यांदा चढून वर आली तेव्हा जिभेला कोरड पडली होती आणि ती म्हणाली होती की हा चढ तुमच्यासारखाच आहे चाचा, दिसायला साधा आणि आतून खट. त्याची स्वतःची मुलगी लुबना लग्न होऊन धर्माबादला गेली, ती कधी दुकानाची पायरी चढली नव्हती, ग्रीसचा वास येतो म्हणून. त्यामुळं असेल, या पोरीवर त्याचा जीव जरा जास्तच जडला होता, आणि जीव जडला की माणूस आंधळा होतो म्हणतात ते काही खोटं नाही. ती बाराशे किलोमीटरच्या मोठ्या राइडची तयारी करत होती. तिच्या चाकाची तार न् तार त्याच्या हातची होती.

त्या डिसेंबरात ती सगळ्यांच्या पुढं होती. पुढं होती म्हणूनच पडली. मागची माणसं तिच्यामुळं वाचली. वर्षभरात कुणा ठेकेदारानं ती गाडीवाट रुंद करून त्यावर डांबर टाकलं होतं आणि काम अर्ध्यात सोडून दिलं होतं. निजामोद्दीनला त्याची खबरबात नव्हती. जंगलात फोनला रेंज नाही, ती कार्डावर चालली होती. कार्डावर छापलं होतं, ‘माथ्यावर फाटा, सरळ जावे’. समोर काळाभोर, नवा, गुळगुळीत रस्ता. कुणीही गेलं असतं. उतारावर तीनशे-चारशे पावलं गेलं की रस्ता संपत होता आणि पुढं मोरीसाठी खोदलेला खड्डा होता. उजव्या बाजूचं खुब्याचं हाड मोडलं, सळई घातली. ही खबर दुपारी दुकानात आली तेव्हा निजामोद्दीननं पहिलं विचारलं ते, सरळ कशी गेली? आणि खबर आणणारा त्याच्याकडं विचित्र बघत राहिला.

क्लबाची बैठक क्लासच्या हॉलमध्ये झाली. निजामोद्दीन शेवटच्या बाकावर बसला होता, पोरांसाठी केलेल्या त्या अरुंद बाकात गुडघे अडकवून. पुढं फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित तसंच होतं. अध्यक्षांनी विचारलं, कार्डात सरळ कसं आलं. सत्यम उभा राहिला. चेहरा पांढराफटक. त्यानं निजामोद्दीनकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघत बोलला. “चाचा सीदा म्हणाले, मी सरळ लिहिलं.” झालं. सगळ्या माना मागं वळल्या. अध्यक्षांनी विचारलं, चाचा, तुम्ही सीदा म्हणाला होता का? आणि निजामोद्दीन म्हणाला, हाव. आता याला काय म्हणावं? तो म्हणालाच होता सीदा. त्याच्या कानांना त्या शब्दात हात ऐकूच येत होता. सीदा म्हणजे उजवा, हे सांगायला लागतं हेच त्याला त्या घडीला सुचलं नाही. तो वाट बघत बसला की आता सत्यम पुढचा शब्द बोलेल. दगडोबाचं लेकरू आहे, हे बोलणं ऐकतच मोठं झालंय, बोलेल. सत्यम खाली बसला. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं. जिना उतरताना, मधल्या वळणावर कठड्याला हात लावला तेव्हा, निजामोद्दीनच्या डोक्यात लख्ख पडलं की आपण आत्ता काय कबूल करून बसलो. ते पोरगं एक अक्षर खोटं बोललं नव्हतं. फक्त त्यानं हात गाळला होता. आणि वर सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले होते.

दवाखान्यात जायला निघाला तर सत्यमचा फोन. आत्ता नका येऊ चाचा, घरची माणसं रागात आहेत. मग तिला लातूरला नेलं. मग महिना गेला, रमजान आला, ईद झाली, पावसाळा झाला. आणि या अकरा महिन्यांत एक वेगळाच किडा त्याच्या डोक्यात शिरला. आपण हात म्हणालो होतो ना? म्हणजे तोंडानं? की बोललो नुसतं ‘सीदा’ आणि चावी धरलेला उजवा हात तेवढा वर केला, जसा फाट्यावर उभं राहून दोन वर्षं केला तसा? पंक्चर काढताना, नमाजाआधी वजू करताना, जेवणाचा घास तोंडाशी नेताना तो ते वाक्य मनात बोलून बघायचा. कधी त्यात हात असायचा, कधी नसायचा. जितकं जास्त बोलून बघावं तितकं ते वाक्य झिजत चाललं होतं, चेनव्हीलचा दात झिजावा तसं. गौसिया, त्याची बायको, आधी दोन महिने भांडली. बोलो ना जाके सबके सामने, काय कू डरते? तो म्हणायचा, दगडोबाचा पोरगा आहे. त्यावर ती एकदा शांतपणे म्हणाली होती, “दगडोबा होता तो उसका हात पकडके बुलवाता.” त्यानंतर तिनं तो विषय सोडला, आणि ते भांडण्याहून वाईट होतं.

कार्ड वाचलं त्या संध्याकाळी त्यानं तिला सातव्या सूचनेचं सांगितलं. तिनं पोळी उलथता उलथता विचारलं, मंग? तो म्हणाला, उद्या लातूरला जातो. क्लबाला काही सांगायचं नव्हतं त्याला. क्लब गेला खड्ड्यात, म्हणजे जायला हवा होता तो, गेली ती पोरगी. जगात एका माणसाला कळलं की बस झालं. निजामचाचानं तुला त्या मोरीत नाही पाठवलं, एवढं तिच्या कानावर पडलं की मग कार्डावर काय वाट्टेल ते छापा. सकाळी डॉक्टरची सायकल शेजारच्या दुकानात ठेवून त्यानं लातूरची एसटी पकडली. खिडकीपाशी जागा मिळाली. लोह्याकडं रस्ता चढायला लागला आणि त्याचे पाय चपलांत आपोआप हलले. बालाघाटचा हा चढ लांब आहे पण मवाळ, एका दमात होतो, माहूरकडच्या डोंगरांसारखा तो माणसाची परीक्षा बघत नाही. बसमध्ये बसून चढ कळत नाही. इंजिन ओरडतं एवढंच. त्याला वाटलं, आयुष्यभर आपण जे कमावलं ते एवढंच, कुठला रस्ता कुठं पायाला लागतो याचं ज्ञान. तेही आता सूचना क्रमांक सात. माळेगाव गेलं, अहमदपूर गेलं. तो वाक्य घोकत होता. मी सीदा नाही म्हणालो बेटा, मी सीद्या हाताला म्हणालो. शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखी छाती धडधडत होती, चौसष्टाव्या वर्षी, लाज वाटावी अशी.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या आईनं उघडलं. सिंधुताई, बाई साधी, ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला. नाव सांगितल्यावर क्षणभर थबकल्या आणि मग या भाऊ म्हणाल्या. रागाबिगाचं काही दिसेना. ऋतुजा खुर्चीत होती, पाय स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, भिंतीला काठी टेकवलेली. केस कापले होते. गॅलरीत सायकल उभी होती आणि तिच्या सीटवर दोन टॉवेल वाळत होते. चाकांतली हवा पार गेली होती. निजामोद्दीनला आधी ते दिसलं आणि मग ती दिसली, आणि त्याला स्वतःची चीड आली. ती चाचा म्हणाली, बसा म्हणाली, हसलीसुद्धा. गौसियाचाची कशा आहेत, गुडघा काय म्हणतो. मग म्हणाली की तुम्ही एकदाही आला नाहीत. सर दर महिन्याला येतात, स्वतः गाडी चालवत. त्याच्या तोंडावर आलं होतं, त्यानंच येऊ नको म्हटलं. त्यानं ते गिळलं. पाणी प्याला, पेला खाली ठेवला आणि घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. “ऋतुजा बेटा, मी सीदा नव्हतो म्हणालो. सीद्या हाताला म्हणालो होतो. हात म्हणालो होतो मी.”

तिनं लॅपटॉप मिटला, त्यावर तळहात ठेवला. “मला माहितीय, चाचा.”

निजामोद्दीनला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तिनं सांगितलं, अगदी सावकाश, त्याला लागू नये अशा बेतानं. सत्यम सरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं तिला, इथंच बसून, रडले होते ते. चाचा ‘सीद्या हाताला’ म्हणाले, त्यांनी ते बरोबर ऐकलं, वहीत तसंच लिहिलं. पण घरी कार्डाची नीट मराठी करायला बसले आणि सीदाचं सरळ झालं, हात राहून गेला. बैठकीत त्यांना धीर झाला नाही. अध्यक्षांनाही ठाऊक आहे आता. म्हणजे हात होता. त्यानं म्हटला होता. अकरा महिने ज्या एका शब्दाला तो मनात चाचपत होता तो शब्द दुसऱ्याच्या वहीत पेनानं लिहिलेला, सुखरूप पडून होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं विचारलं, मग क्लबात सगळ्यांना सांगितलं का? ती म्हणाली, सगळ्यांसमोर कशाला चाचा, त्यांचे क्लासेस आहेत, एवढी मुलं आहेत, नाव आहे. आणि निजामोद्दीनच्या तोंडून निघालं, हाव. त्याच सवयीनं, त्याच सुरात. नाव आहे. हो, असतं काही लोकांना.

त्यानं कार्डाचं विचारलं, सातव्या सूचनेचं. विचारायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण. ती जरा ओशाळली. ते तिनंच घालायला लावलं होतं. तुमच्याबद्दल नाही चाचा, असं म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, परत कुणाचं हाड मोडायला नको म्हणून फक्त. चढाचं नावही तसंच, माणसांची नावं नकोत असं ठरलं. ती काठी न घेता उठायला गेली, जमलं नाही, पुन्हा बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता. तो बघत होता आणि त्याला एकाच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि दार आपटून निघून जावंसं वाटत होतं. मग ती म्हणाली, “एक विचारू, चाचा? तुम्ही इतकं छान मराठी बोलता. त्या दिवशी मराठीत का नाही बोललात? उजवीकडे म्हणायला काय झालं होतं?”

त्या दिवशी तो कोणत्या भाषेत बोलत होता? त्यानं तर कधी मोजलंच नव्हतं. तो सत्यमशी बोलत होता, दगडोबाच्या पोराशी, दगडोबाच्या भाषेत. माथा मराठी, फाटा मराठी, लागंल मराठी, हात तर मराठीच. चौसष्ट वर्षं तो ज्या बोलीत जगला तिच्यात बोट घालून हे मराठी, हे आमचं, हे तुमचं, असं कुणी वेगळं करायला लावलं नव्हतं. आणि आज लावलं ते या पोरीनं, जिला त्यानं चाक बांधायला शिकवलं. ज्यानं शब्द कापला त्याला माफी, आणि जो शब्द पुरा बोलला त्याला मात्र ऐकवायचं, चाचा, मराठीत बोलायचं होतं. त्याला राग आला. खरा, जुना, तरणा राग, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा आल्यामुळं तो बराही वाटला. पण रागावून बोलायचं कुणाला? समोर लोखंडाची सळई घातलेली पोर बसली होती. तो म्हणाला, चुकलंच. चहा आला, तो त्यानं उभ्यानंच प्याला. निघताना गॅलरीकडं बघून, चाकात हवा भरून ठेव, टायरला भेगा पडतात, एवढं बोलला. ती बरं म्हणाली.

सिंधुताई दारापर्यंत आल्या. त्याला स्टँडचा रस्ता विचारावा लागला. येताना रिक्षानं आला होता. त्या उंबऱ्यात उभ्या राहून, एका हातानं पदर सावरत, दुसरा हात जिन्याकडं करून सांगायला लागल्या. माहेर मुदखेडकडचं त्यांचं, हे ऋतुजा कधीतरी दुकानात बोलली होती.

“खाली उतरलात की सीद्या हाताला जावा भाऊ. मंग देऊळ लागतंय, तिथून उलट्या हाताला. कुणाला इचारायची बी गरज न्हाई.”

निजामोद्दीननं मागं वळून आत पाहिलं. ऋतुजानं लॅपटॉप पुन्हा उघडला होता. तिनं ऐकलं होतं, न ऐकायला ती काही लांब नव्हती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. आई बोलली होती. तिला ते मराठीच वाटलं होतं. निजामोद्दीननं सिंधुताईंना हात जोडले. त्यांना वाटलं निरोप घेतोय, त्यांनीही जोडले.

तो दोन मजले उतरला. फाटकाच्या बरोब्बर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, सरळ जायला रस्ताच नव्हता. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, मागं ना माणूस ना गाडी. निजामोद्दीननं उजवा हात बाजूला लांब काढला, क्षणभर तसाच धरला, आणि पायीच वळला.